पडद्यावरच्या म्हाताऱ्याचं सुतक

ये इकडे, जवळ सरक. पाहुण्यासारखी दारात काय बसलीस? कधीतरी तोंड दाखवायचं आणि त्यातही घड्याळाकडे बघायचं, शोभतं का तुला? चहा होईपर्यंत तुझ्या पणजीची गोष्ट ऐक. पणजी म्हणजे माझ्या सासूबाई.

नव्वदनंतरची गोष्ट. आम्ही तेव्हा सुरतेत नवागामला राहायचो. गल्लीत एक मास्तर होते, मराठवाड्याकडचे, संचाखात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, माग दुरुस्त करायचे. त्यांनी सिनेमा मंडळ काढलं. उन्हाळाभर दर सुटीच्या संध्याकाळी जुने, नावाजलेले सिनेमे दाखवायचं ठरलं. मशीन कुठून तरी आणलं, आणि पडद्याला सुरतेत कापडाची काय कमी.

पहिल्याच सिनेमात नायकाची आई गेली. डोळे पुसत घरी आलो तर सासूबाई मोरीपाशी उभ्या. म्हणाल्या, "डोयासमोर गई ना ती? मंग अंघोय करा." केली बाई सगळ्यांनी. शेजारणींनी बघितलं, त्यांनाही वाटलं, आपण नाही केली तर बरं दिसणार नाही. गल्लीतली पिंपं रिकामी झाली, आणि नळ यायचा थेट सकाळी. पुढच्या सिनेमात कुणाचा भाऊ गेला, परत तेच.

शेवटी बायका मास्तरांकडे गेल्या. ते म्हणाले, "वहिनी, मी तरी काय करू? जुन्या सिनेमात कोणीतरी मरतंच की."

"मग मरायच्या आधी बंद करा."

तेव्हापासून पडद्यावर कोणी खोकलं, की मास्तरांचा हात बटणावर. सगळे नावाजलेले सिनेमे आम्ही अर्धेच बघितले.

मग एका सिनेमात शेंगदाणेवाला म्हातारा आला. देवळाबाहेर टोपली घेऊन बसायचा, सासूबाईंचा त्याच्यावर जीव जडला. तो आडवा झाला आणि मशीन बंद. त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. सकाळी मास्तरांच्या दारात. "तो म्हतारा वाचना का मरना?"

"मावशी, सांगू का?"

"सांगू नको, दखाड. पानी मी भरसू."

आणि खरंच, आठवडाभर पलीकडच्या गल्लीतून हंडे आणून पिंपं भरली. सुटीच्या दिवशी उरलेला सिनेमा लागला. म्हातारा गेला गं. जवळ कोणी नव्हतं. सासूबाईंनी विचारलं, "त्याले कोन्ही नही का?"

मास्तर म्हणाले, "मावशी, तो सिनेमातला आहे."

"सिनेमातला शे म्हणून काय बेवारस शे?"

अंघोळी झाल्या. दुसऱ्या दिवशी पिठलं-भाकरी बांधून सासूबाई मास्तरांकडे निघाल्या. म्हाताऱ्याला गल्लीत मास्तरांनीच आणलं, तेव्हा सुतक त्यांच्या घरी, आणि सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. मास्तरीणबाईंची तर भाजी शिजत होती. बिचारीने ओशाळून स्टोव्ह बंद केला. गल्लीतल्या बायका येऊन गप्प बसून गेल्या. ही बातमी कामावर पोहोचली. शेठने मास्तरांना विचारलं, कोण गेलं? काय सांगणार? म्हणाले, "आमच्याकडचेच एक होते." शेठने अर्ध्या दिवसाची सुटी दिली. मास्तरांनी घरी येऊन निमूट पिठलं-भाकरी खाल्ली. त्यानंतर सगळे सिनेमे शेवटपर्यंत दाखवले. ज्याने त्याने आपलं पाणी आधी भरून ठेवायचं, एवढंच.

निघालीस? बरं. पण माझी खबर तू बापाला फोन करून विचारतेस, ते मला नाही आवडत. अशी ऐकून घेतलेली खबर सासूबाईंनी पडद्यावरच्या माणसाचीसुद्धा चालवून घेतली नाही. मी तर तुझी सख्खी आजी. दिवाळीची वाट बघू नकोस, पुढच्या रविवारीच ये.