डाव्या हाताचा टाका

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला मुलाकडे होतो. पलीकडून त्याचा मुलगा रोहित बोलत होता. "काका, सकाळी चहा घेता घेता बाबा…" मी नायगावला पोचेपर्यंत चौकात फलकसुद्धा लागला होता. खाकी कपडे, पिळलेल्या मिशा आणि खाली मोठ्या अक्षरांत 'डेपोचा वाघ'. ते वाचून मला रडू येण्याआधी राग आला. तो राग अजून गेलेला नाही, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच आहे.

दिगंबर आणि मी एका वर्गातले. सातवीत शिवणाच्या तासाला मुली रुमाल भरत आणि आम्ही मुलं बाहेर वाफे खणत असू. त्याच्या बहिणीचा रुमाल नेहमी सगळ्यांत सुबक निघे, कारण तो घरी दिगंबरच भरायचा. हे मला एकट्याला माहीत होतं. गुरुजींची मर्जी मिळवायला मी ते सांगून टाकलं. गुरुजींनी त्याच्या डोक्यावर ओढणी टाकली, हातात सुई दिली आणि त्याला बाकावर उभं केलं. पहिला हसलो तो मी. मग सगळा वर्ग हसला. संध्याकाळी त्याच्या वडिलांनी त्याला कासऱ्यानं मारलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्याच शेजारी येऊन बसला आणि या विषयावर एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, विसरला.

पुढे तो बसडेपोत मेकॅनिक झाला. पाना डाव्या हातात धरतो म्हणून सगळे त्याला डावऱ्या म्हणत. मी शिक्षक झालो आणि त्याच्या तोंडी 'मास्तर' झालो. त्याचं लग्न झालं, आणि दोन-चार वर्षांत त्याच्या बायकोच्या, कुसुमवहिनींच्या भरतकामाचं गावात नाव झालं. नवरीचं पोलकं असो की बाळंतविड्यातली कुंची, बाया म्हणत, वहिनींचाच हात पाहिजे.

एका रविवारी दुपारी मी न कळवता त्यांच्याकडे गेलो. वहिनी दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून त्या आतल्या बाजूला मोठ्यानं म्हणाल्या, "मास्तर आलेत हो." मी घरचाच म्हणून थांबलो नाही. आत पलंगावर दिगंबर चष्मा लावून बसला होता, मांडीवर रिंगीत ताणलेलं कापड, डाव्या हातात सुई. नखातलं ग्रीस जावं म्हणून हात लिंबानं घासलेले. खोलीभर तोच वास. त्यानं काही लपवलं नाही. "कुठं बोलू नको," एवढंच म्हणाला. मग सुईत दोरा ओवून, माझ्याकडे न बघता, "एकदा बोल्ला होतास."

त्यानंतर मी गप्प राहिलो. इतका, की माझ्या मुलीच्या लग्नात तिच्या पोलक्यावरची करडईची फुलं बघून पाहुणे विचारू लागले तेव्हा मी माईक घेऊन कुसुमवहिनींचे आभार मानले. दिगंबर पंगतीत वरण वाढत होता. बादली खाली ठेवून त्यानं टाळ्या वाजवल्या. वहिनी मात्र खाली मान घालून बसल्या होत्या.

तेराव्यानंतर मी त्यांच्याकडे बसलो होतो तेव्हा एक बाई आल्या. लेकीच्या लग्नाचं पोलकं त्यांनी भरायला टाकलं होतं. वहिनींनी ते अर्धवटच पुढं केलं. "ऱ्हाऊ द्या की," बाई म्हणाल्या. "सवडीनं पुरं करा. दुःखात हात थांबवू नाही." त्या गेल्यावर वहिनींनी पोलकं परत पलंगाच्या उशाशी ठेवलं.

"समदे मलाच म्हणून राहिलेत, हात थांबवू नका. माझा हात चाललाच कधी, भाऊजी? त्यांनी मला आन घातली व्हती, म्हणून मी न्हाई बोलत. तुम्ही पेपरात लिवता ना?"

मी लिहिणार आहे हे रोहितला कळल्यावर त्यानं मला फोन केला. "नका लिहू काका. लोक हसतील. बाबांची इज्जत हाय गावात." ज्या कुंचीत त्याचा पहिला फोटो आहे ती कुणी भरली, हे मी त्याला विचारलं. त्यानं फोन ठेवून दिला.

दिगंबरला हे आवडलं नसतं. मी दुसऱ्यांदा बोलतो आहे, आणि आता तो माझ्या शेजारी येऊन बसणार नाही. तरी नायगावच्या ज्या घरांत वहिनींच्या हातचं म्हणून काही जपून ठेवलेलं असेल, त्यांनी ते पेटीतून काढून फुलांचे देठ बघावेत. देठाचा टाका दोरीच्या पिळासारखा तिरपा पडतो. उजव्या हाताचा एकीकडे कलतो, डाव्या हाताचा उलट्या बाजूला. वहिनी उजव्या हातानं शिवतात, हे भिशीतल्या सगळ्या बायांनी पाहिलंय. डावऱ्या कोण, हे डेपोतल्या पोरांनाही ठाऊक होतं. पण पंचवीस-तीस वर्षांत दोन्ही गोष्टी कुणी जवळ ठेवून पाहिल्या नाहीत…

ते पोलकं अजून पलंगाच्या उशाशी आहे. त्या बाई पुढच्या आठवड्यात न्यायला येतील. चार फुलं झालीत, पाचव्याचा देठ निम्म्यावर आहे, आणि सुई त्यानं टोचून ठेवली तिथंच, डाव्या बाजूला आहे.