स्टार्टरमधली रुई

"मोटर जल गई है, मास्टरसाब. आज जाइए," शेठ म्हणाले आणि मी पुढे केलेलं पत्र न वाचताच परत दिलं.

ही पॉवरलूमची, म्हणजे यंत्रमागांची, चौथी शेड. आणीबाणी उठल्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी भिवंडीतल्या एका तंत्रशाळेत वीजतंत्रीचा, म्हणजे इलेक्ट्रिशियनचा वर्ग शिकवत होतो. वर्गात पहिल्यांदाच एक मुलगी आली होती, राहनाळची सुमन. प्राचार्यांनी अट घातली. शनिवारपर्यंत एखाद्या कारखान्याने तिला प्रॅक्टिकलसाठी घेतो असं लिहून द्यायचं, नाहीतर तिची सीट वेटिंग लिस्टवरच्या मुलाला. मुलांना अशी अट नव्हती. मी त्यावर भांडलो, आवाज चढवला, उपयोग शून्य. आणि आज शनिवार होता.

सुमन माझ्या मागे उभी होती. अंगात भावाचा खाकी शर्ट-पँट, वेणी रुमालात घट्ट बांधलेली. "साडी पट्ट्यात अडकेल," ही पहिल्या शेठची हरकत तिने दुसऱ्याच दिवशी अशी निकालात काढली होती.

मुकादमाने, म्हणजे लूम दुरुस्त करणाऱ्याने, आम्हाला दाखवायला पुन्हा बटण दाबलं. मोटर नुसती घूं घूं करत राहिली, फिरेना. "वाइंडिंग गया," म्हणजे आतली तारांची गुंडाळी जळाली, म्हणत त्याने ती बंद केली. मीही मान डोलावली. पंधरा वर्षं मोटरी उघडल्या होत्या, त्याचा माज.

"सर, जळल्याचा वास कुठं हाय?" सुमन हळूच म्हणाली. मग शेठकडे वळली. "मी बघू? मोटर खोलायची न्हाय. फकस्त ह्यो डबा."

डबा म्हणजे स्टार्टर, मोटर चालू-बंद करणारी पेटी. शेठनी माझ्याकडे पाहिलं.

"दहा मिनिटं द्या, मग आम्ही जातो," मी म्हणालो.

परीक्षा तिची होती आणि घाम मला फुटला होता.

तिने टेस्ट लॅम्प, म्हणजे तारेत वीज आहे का ते दाखवणारा दिवा, लावला. मोटरला तीन तारांतून वीज लागते. एक जरी तुटली, तर ती घुमते पण फिरत नाही, आणि तशीच ठेवली तर खरोखर जळते. स्टार्टरमध्ये येणाऱ्या तिन्ही तारांवर दिवा लागला. मुकादमाला तिने बटण दाबायला लावलं. बाहेर जाणाऱ्या दोन तारांवर लागला, तिसरीवर नाही. बिघाड डब्यातच होता!

तिने मेन बंद केला, तारांना दिवा लावून वीज नसल्याची खात्री केली, झाकण काढलं आणि खिशातून चक्क ब्रश काढला. आतल्या एका पॉइंटमध्ये तेलाने चिकटलेली रुई, म्हणजे लूमवरून उडणारा कापूस, घट्ट बसली होती. पॉइंट टेकतच नव्हता. तिने तो साफ केला, झाकण लावलं, मेन चालू केला.

बटण दाबल्याबरोबर लूम खटाखट सुरू झाला. मी लहान पोरासारख्या टाळ्या वाजवल्या. इतका आनंद मला स्वतःच्या नोकरीच्या ऑर्डरचाही झाला नव्हता.

"तुझे कैसे मालूम?" शेठनी विचारलं.

"घरी दोन लूम हायेत. सांजच्याला रुई झाडायचं काम माझं. ती कुठं कुठं घुसते, ते झाडनाऱ्यालाच म्हाईत."

मुकादमाने आयुष्यात कधी झाडू धरला नव्हता. मीही नाही.

शेठनी पत्रावर सही केली. "सोमवार से भेजिए." मग बंद पडलेल्या दुसऱ्या लूमकडे पाहत म्हणाले, "सोमवार क्यों, आज ही रहने दो."

तिला तिथेच ठेवून मी सायकल पिटाळली. ऑफिस बंद व्हायच्या आत पोचलो. प्राचार्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"हात काळे होतील हो तिचे."

"झालेत," मी म्हणालो.

सीट राहिली. पुढच्या वर्षी तीन मुलींचे अर्ज आले, आणि त्या अटीचं पुन्हा कोणी नावही काढलं नाही.

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक नव्या बॅचला पहिला आठवडा झाडू दिला. मुलं कुरकुरायची. मुलींना मात्र पहिल्या दिवशीच टेस्ट लॅम्प द्यायचो. तो आठवडा त्यांचा घरीच होऊन गेलेला असायचा.