न निघणारी घरं

प्लंबरने आमच्या बाथरूममध्ये पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा उघडला, आणि त्या उग्र वासासरशी मी साठच्या दशकातल्या म्युनिकला पोचलो.

माझा जपानी वर्गमित्र हारुओ समुद्रावरच्या शहराचं मॉडेल करत होता. मधे उंच खांब, त्याला अडकवलेली काडेपेटीएवढी घरं. जुनं झालेलं घर काढायचं, नवं लावायचं. दुपारी प्रोफेसर बघायला येणार आणि घरं सारखी निखळत होती. मी पडलो पुण्याचा सिव्हिल इंजिनियर! तो जेवायला गेला तेवढ्यात मी सगळी घरं सोल्युशन लावून पक्की केली, आणि वर शाबासकीची वाट बघत बसलो.

हारुओने एक घर ओढून पाहिलं. निघेना.

"भिंतीच्या आधी पाइप मरतात," तो शांतपणे म्हणाला. "म्हणून सगळं सुटं हवं."

"अरे, घर म्हणजे काय शर्ट आहे बदलायला?" मी उलट त्याच्यावरच उखडलो.

पुढे जर्मनीतच, इथे रेगेन्सबर्गला हे स्वतःचं घर बांधताना मी सगळे पाइप हट्टाने काँक्रीटमध्ये गाडले. आता त्यातला फुटलेला पाइप काही निघेना.

"आल्झो," 'हं, तर' अशा अर्थाचं जर्मन पालुपद लावत प्लंबरने वैतागून हातोडा उचलला, "कुठल्या शहाण्याने केलंय हे?"

मी सोल्युशनच्या डब्याचं झाकण शोधायला लागलो.

दारातून बायको म्हणाली, "अहो, सांगा ना त्याला."