झुराकान एजे आणि सहा शनिवार

झुराकान एजेचा, म्हणजे झुराकान ताईचा, कुणावर विश्वास नाही. कोचकोर गावातल्या आमच्या शाळेत घरच्या भांडणात सापडलेल्या मुलांचं बघायचं काम तिच्याकडे आहे आणि तिची खोली म्हणजे माझ्या ग्रंथालयात मध्ये कपाट घालून तोडलेला कोपरा. त्यामुळे बावीस वर्षं तिचा प्रत्येक संशय मी कपाटाच्या अलीकडून ऐकते आहे. "पोरगं पडलं म्हणे. पडलं तर गुडघा फुटतो, कान कसा लाल होतो?" डब्यातली साखर कमी झाली तर ती आधी माझ्याकडे बघते.

मला राग येतो, पण तिच्या संशयाने पोरं वाचलीही आहेत. दुसरीतला एक मुलगा रोज फाटक उघडायच्या आत येऊन उभा राहायचा. सगळ्या बाया म्हणायच्या, किती शहाणा. एजे म्हणाली, "शहाणं पोर अंथरुणातून उठताना रडतं." ती त्याच्या घरी जाऊन बसली, तेव्हा कळलं की बाप उठायच्या आत आई त्याला बाहेर काढते.

गेल्या वर्षी बटाटे काढून झाले आणि मैरामबेक आणि नझीरा वेगळे झाले. नझीरा बाजारापलीकडे भावाच्या घरी गेली. सात वर्षांचा उलान आणि पाच वर्षांची बेगाय बापापाशी, म्हणजे आजीच्या, सायरा आपाच्या घरात राहिली. त्या घरात चौदा वर्षांची अकमोरही होती. ती खरी मैरामबेक-नझीराचीच थोरली, पण पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. चाळीस दिवसांची असताना सायरा आपाने तिला आपल्या कुशीत घेतलं. ती आजीलाच आपा म्हणजे आई म्हणते, जन्म दिलेल्या बापाला दादा आणि आईला वहिनी.

गल्लीतल्या पांढऱ्या टोप्यांच्या म्हाताऱ्यांनी, आमच्या पंचांनी, तोडगा काढला. सहा शनिवार नझीराने सकाळी दहाला यावं, मुलांना न्यावं, रविवारी आणून सोडावं. हे सुरळीत झालं तर मुलं आईजवळ राहू देत असं ते कोर्टाला कळवतील. बाईने हयगय केली तर मुलं बापाकडे. देखरेख झुराकान एजेची.

पहिल्या शनिवारी उलानचे बूट सापडेनात. बाहेर बर्फ. सायरा आपा म्हणाली, "पोराला अनवाणी नेतेस का?" दोघींची जुंपली, नझीरा रडत परत गेली आणि बूट दुपारी गोवऱ्यांच्या ढिगात सापडले. दुसऱ्या शनिवारी फाटकाच्या कुलपाची किल्ली गेली. मुलं आत, आई बाहेर, मामा फाटकाला लाथा घालतोय आणि अख्खी गल्ली बघतेय. तिसऱ्या शनिवारी बेगायच घरात नव्हती. "आज आई येणार नाही" असं कुणीतरी सांगितल्यावर ती आत्याकडे खेळायला गेली होती. कुणी सांगितलं, तर म्हणे आठवत नाही.

पंच कुरकुरायला लागले. तीन शनिवार फुकट गेले होते. आणखी एखादा गेला असता तर नझीराच्या हातून पोरं गेलीच होती.

एजेने संशयितांची यादीच केली. आधी सायरा आपा, मग मैरामबेक, मग भांडण वाढावं म्हणून नझीराचा भाऊ. चौथी मी.

"मी कशाला?"

"तू मैरामबेकच्या कुळातली. शुक्रवारी संध्याकाळी कुठे होतीस?"

"तुझ्याच घरी जेवत होते, बये."

"हो, ते आहेच," ती म्हणाली, पण नाव खोडलं नाही.

मग ती मला घेऊनच सायरा आपाकडे गेली. मला नजरेआड होऊ द्यायचं नव्हतं ना. म्हातारीने भाकरी मोडून पुढे सारली. "आधी भाकरीला तोंड लाव, मग चोर शोध."

भाकरी न चाखता उंबरा ओलांडता येत नाही. एजेने तुकडा घेतला आणि त्यात काही मिसळलंय की काय अशी सावकाश चावत राहिली. अकमोर खाली मान घालून चहा ओतत होती.

"सायरा, बूट गोवऱ्यांत कसे गेले?"

"पाय फुटले असतील. माझ्या घरात मीच चोर का? सून गेली, मी गप्प बसले. नातवंडं जातायत, तरी गप्प बसतेय. आता मला बुटांचा हिशोब विचार."

"कुणीतरी करतंय ना हे?"

"मग सुनेलाच विचार. पोरं नकोच असतील तिला."

उठताना एजेने अकमोरला बाजूला घेतलं. "बाळ, या घरात शहाणी तूच दिसतेस. धाकट्यांवर लक्ष ठेव. काही वावगं दिसलं तर मला सांग." अकमोरने मान हलवली. बाहेर पडल्यावर एजे खुशीत होती. आत आपला माणूस पेरला म्हणाली.

चौथ्या शनिवारी साडेनऊलाच एजे फाटकात उभी. किल्ली खिशात, दोघांचे बूट आदल्या दिवशीच पिशवीत घालून नेलेले. दहा वाजले. साडेदहा. अकरा. नझीरा आलीच नाही. सायरा आपा दारातून म्हणाली, "बघितलंस? आता मलाच धर."

एजे तरातरा बाजारापलीकडे निघाली आणि मी तिच्यामागे घसरत, पडत. नझीरा भावाच्या अंगणात लाकडं रचत होती. आम्हाला बघून तीच म्हणाली, "ताप उतरला का तिचा?"

"कुणाचा ताप?"

तिने फोन पुढे केला. सासूच्या फोनवरून सकाळी आठला निरोप आलेला: वहिनी, आज येऊ नकोस. धाकटीला ताप आहे. दादा रागात आहे.

एजेने तो तीनदा वाचला. "म्हातारीच्या फोनवरून. म्हटलं होतं ना मी."

"सासू सुनेला वहिनी म्हणेल?" मी म्हटलं.

"मग धाकटा दीर, तालाय."

"तो मॉस्कोत विटा रचतोय. त्याच्या हातात आईचा फोन कसा येईल?"

एजेने फोन नझीराला परत दिला. मग ओंडक्यावर बसली. नझीराने तोंडावर हात ठेवला होता. त्या घरात तिला वहिनी म्हणणारी एकच होती, हे तिच्याही ध्यानात आलं होतं.

"काखेत कळसा," मी पुटपुटले. एरवी तिने मला फाडून खाल्लं असतं.

शाळेत येऊन तिने फाइल काढली. 'मुलं: दोन', तिच्याच अक्षरात. खाली टाचलेल्या नझीराच्या मुलांच्या दाखल्यावर नावं तीन होती.

"दिसलं नाही तुला?" मी विचारलं.

"दिसलं. म्हटलं, तिसरी म्हातारीची. तिला काय त्याचं?" तिने दाखला सोडवून हातात घेतला. "मीपण आजीचीच. मी नऊ वर्षांची असताना माझी आई वारली. मला सांगितलं, तुझी वहिनी गेली. दुसऱ्या दिवशी मला शाळेत धाडलं. मी गेलेसुद्धा." बावीस वर्षांत तिने हे मला सांगितलं नव्हतं, आणि मला तिची फार दया आली.

सोमवारी अकमोर कपाटापलीकडे येऊन बसली. मी अलीकडे कान देऊन होते, नाही कशाला म्हणू.

"मी काही केलं नाही."

"मी कुठे म्हणाले, केलंस?"

"मग कशाला बोलावलं?"

"विचारायला."

"आता?" पोरीचा आवाज चिरका झाला. "पंच आले तेव्हा उलानला विचारलं, कुठे राहायचं. बेगायला विचारलं. ती म्हणाली, मला मांजर पाहिजे. तेपण लिहून घेतलंत तुम्ही. मला म्हणालात, चहा आण."

एजेने पेन खाली ठेवल्याचं मला ऐकू आलं.

"वहिनी गेली तेव्हा तिने दोघांचे मुके घेतले. मला म्हणाली, भांडी आत घे, बर्फ पडेल. आता ती दोघंपण जाणार. दर शनिवारी गाडी येणार, त्यांची नावं घेणार. मी काय दारात उभं राहून बघू?"

"तुला जायचंय का तिच्याकडे?"

"माहीत नाही. कुणी विचारलंच नाही, तर मी कशाला ठरवू?"

त्या दुपारी एजे पंचांकडे गेली. मी बरोबर होते, म्हणून सांगते. बावीस वर्षांत तिने पहिल्यांदा दुसऱ्या कुणावर खापर फोडलं नाही. चूक माझी, मूल मोजायचं राहिलं, बाईची हयगय नाही, असं ती म्हणाली. एक म्हातारा टोपी सारखी करत म्हणाला, "ती तर सायराची लेक." एजेने दाखला त्याच्या नाकासमोर धरला. पंचांनी चारही शनिवार माफ केले आणि मोजणी नव्याने सुरू करायचं ठरवलं.

मग नझीरा. "येशील तेव्हा तिघांना हाक मार," एजे तिला म्हणाली.

नझीराचा चेहरा उतरला. "सासूसमोर मी तिला कधी जवळ घेतलं नाही, एजे. चौदा वर्षं. लोक काय म्हणतील, दिलेलं मूल परत मागतेय? लाज वाटते."

"लाज मागाहून वाटून घे."

पुढच्या शनिवारी दहाला गाडी आली. बूट जागेवर होते, किल्ली जागेवर होती, पण एजे तरीही सगळ्यांकडे डोळे बारीक करून बघत होती. उलान आणि बेगाय धावत जाऊन गाडीत बसले. सायरा आपा दारात उभी. अकमोर तिच्यामागे, हातात रिकामी बादली.

नझीरा गाडीजवळ घुटमळली. मला वाटलं, ही आता बसते आणि जाते. मग ती फिरली, अंगण ओलांडून थेट सासूसमोर आली. बोलली तीही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"अकमोर, तू पण चल. माझी लेक आहेस तू."

सायरा आपाने चौकट धरली. एकदा मला वाटलं, म्हातारी आता तोंड सोडणार. पण ती नुसती बाजूला सरली, पोरीला वाट देऊन.

अकमोर जागची हलली नाही. तिने आजीकडे बघितलं, मग आईकडे.

"आज नको. आपाचे गुडघे दुखतायत, पाणी कोण आणणार?" ती म्हणाली. मग दोन पावलं पुढे आली. "पण पुढच्या शनिवारी विचारशील ना?"