जंतूंना घातलेलं खत

लोणखेड्याच्या कॉलेजात मी मायक्रोबायोलॉजी शिकवते. आमची एक लॅब आहे. तिथे भांडी कितीही घासा, सिंक भरलेलंच. किश्शांचंही तसंच. हे किस्से सगळे सुनीताच्या प्रोजेक्टचे.

सुनीता धडगावकडच्या पाड्यावरची. विषय तिनेच निवडला, होस्टेल मेसच्या शिळ्या भातातले जंतू. हा जंतू उपाशी पडला की बीजाणू होऊन झोपतो. उकळला तरी मरत नाही, भात कोमट राहिला की पुन्हा उठतो आणि खाणाऱ्याचं पोट बिघडवतो. तिने हे मेसच्या लताबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोरी, तू शिकी ऱ्हायनी का मन्हा धंदा बसाडी ऱ्हायनी?"

*

पण लॅबमध्ये बीजाणूच होईनात. प्रोजेक्ट बुडाला तर वर्ष जाणार, आणि गुजरातेत मजुरीला गेलेले आईवडील आणखी एक वर्ष शिकवणार नव्हते. सुनीता रडकुंडीला आली.

पूर्वी आम्ही बोरचं जड, क्षारांचं पाणी वापरायचो. मग कॉलेजने डिस्टिल्ड पाण्याचं मशीन आणलं. त्या पाण्यात ना कॅल्शियम, ना मँगनीज, आणि त्यांच्याशिवाय बीजाणू पक्का होत नाही. लॅब अटेंडंट भिकाभाऊ म्हणाले, "मॅडम, जंतू बी आपला गावनाच शे. त्याले बोरनंच पानी लागस."

*

सुनीताने चिमूटभर मँगनीज घातलं, थोडं कॅल्शियम. भिकाभाऊंची ब्राह्मणपुरीला पपईची बाग आहे, त्यांनी डबीवरचं मँगनीजचं नाव लगेच ओळखलं.

"हाई तं आम्ही पपईले देतस. जंतू मराले नको म्हनीसन त्याले खत दी ऱ्हायनूत?"

"हो," मी म्हणाले.

"मंग आपण कोना बाजूना?"



*

जंतूंची उकळलेली नळी दुसऱ्या दिवशी गढूळ झाली, म्हणजे बीजाणू उकळूनही उठले होते. "मॅडम, जगले!" म्हणत सुनीता गुजरातेत फोन करायला जिन्यात पळाली. वडिलांना एवढंच कळलं, की पोरीचं काहीतरी जगलं. त्यांनी बजावलं, वेळेवर पाणी घालत जा.

*

तोंडी परीक्षेला बाहेरचे सर आले. म्हणाले, "हे सगळं पुस्तकी. वाफाळता भात खाऊन कोण आजारी पडतं?"

सुनीता हळू आवाजात बीजाणू, मँगनीज, कोमट भात असं सगळं सांगत राहिली. सरांचा चेहरा हलला नाही. मार्कांचा रकाना कोराच ठेवून ते जेवायला उठले.  मला तिच्याकडे बघवेना.

मेसमध्ये सुनीता आणि मी त्यांच्या समोरच बसलो. लताबाईंनी वाफाळता भात वाढला. सरांनी घास उचलला आणि थांबले.

"भात आत्ताचा ना?"

"सकायना शे सर, पन मस्त गरम करी दिधा."

सरांनी घास खाली ठेवला, ताट सरकवलं आणि सुनीताकडे बघत विचारलं, "भाकरी आहे का?"