चित्रातला लाल ठिपका

माझ्या नवऱ्याच्या प्रत्येक चित्रात एक बाई उभी असते. लाल साडी, चेहरा नाही, बोटाच्या पेराएवढी. ती मी.

लग्नाआधी आम्ही दोघं आर्ट स्कूलला एकाच वर्गात होतो. आउटडोअरला जाऊन आलो की माझं लँडस्केप वर्गाच्या भिंतीवर लागायचं आणि हा त्याच्यासमोर उभा राहून गप्प व्हायचा. लग्न झालं, गिरगावात बिऱ्हाड मांडलं आणि पहिल्याच रविवारी तो म्हणाला, "आज फिगर हवीय गं मला. तू उभी राहा, पुढच्या रविवारी तू काढ." तो पुढचा रविवार मेला कधी उगवलाच नाही.

करड्या चित्रात लाल ठिपका लागतोच, नजर तिथे येऊन टेकते, असं तो समजवायचा. मला पटायचंही. मुलगी पोटात होती तेव्हा कॉटन ग्रीनच्या गोदामांसमोर त्याने मला भर उन्हात उभं केलं होतं. पाय सुजलेले. आणि हा तिथून ओरडतोय, "पोट दिसतंय, पाठ कर! शेप बिघडतोय!" मी पाठ केली. प्रदर्शनात लोक म्हणायचे, काय अचूक पडलाय हो हा लाल! तेवढ्यात मी ट्रे घेऊन आले की हा सगळ्यांसमोर म्हणायचा, "बघा, ठिपका चहा घेऊन आला." लोक खो खो हसायचे. मीही हसायचे. डोंबल हसायचे, दात दाखवायचे झालं. पण मनात एक गोष्ट घट्ट धरून होते, की माझ्यावाचून याचं चित्र उभं राहत नाही. तेवढं तरी माझं होतं.

यंदा पावसाळ्यानंतर त्याचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना. डॉक्टरांनी ब्रश बंद केला. शनिवारी जेवताना मी म्हटलं, "उद्या मी काढते. तू उभा राहा."

"मी?"

"मग काय शेजाऱ्यांना उभं करू?"

सकाळी खोताच्या वाडीत गेलो. त्याला लाल टीशर्ट घालायला लावला होता. एका घराच्या बाहेरच्या लाकडी जिन्यापाशी उभा केला आणि हातात छत्री दिली. "वर धर. उजव्या हातात."

"अगं, खांदा..."

"डाव्या हातात कॉम्पोझिशन तुटतं रे."

तो छत्री धरून उभा राहिला. तोंड वेडंवाकडं झालेलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पुठ्ठ्याची चौकट डोळ्यांसमोर धरली, पुढेमागे केली, आणि कागदाच्या कडेला छोटी छोटी रेखाटनं केली. गल्ली डावीकडून आत वळते, जिना नजरेला उचलून वर नेतो, वर गॅलरीत अर्धी उघडी खिडकी. नजर तिथे पोचायला हवी. आणि जिन्याच्या पायथ्याशी हा लाल ठोंब्या! नजर त्याच्यापाशीच अडायची, वर चढायचीच नाही. पहिल्या रेखाटनातच कळलं, इथे माणूस नको. मी त्याला काही सांगितलं नाही.

ऊन चढलं. त्या घरातल्या आंटी गॅलरीत येऊन म्हणाल्या, "अहो, बसू द्या ना त्यांना जरा."

"नको. हलले तर सगळं बिघडेल."

आकाशाचा वॉश टाकला, सावल्या टाकल्या. मधूनच डोळे बारीक करून, ब्रश उभा धरून त्याचं माप घेतल्यासारखं करायचे. तो बिचारा लगेच ताठ व्हायचा.

संपल्यावर बोलावलं. खांदा चोळत आला. चित्रात स्वतःला शोधलं. "मी कुठाय?"

"चित्रात बसत नव्हतास."

आता भडकेल, असं वाटलं. त्यासाठीच तर सकाळपासून दम धरला होता. पण तो वाकून बराच वेळ बघत राहिला. वर्गात भिंतीसमोर व्हायचा तसाच गप्प. मग म्हणाला, "बरोबर केलंस. इथे माणूस नकोच." आणि छत्री मिटता मिटता, "तुझीही तशी गरज नसायची. बऱ्याच चित्रांत तो लाल खटकतोच."

"मग कशाला उभं करायचास रे मला?" माझा आवाज चढला. आंटी वरून वाकून बघायला लागल्या.

"नसतं केलं तर तूही बोर्ड घेऊन शेजारी बसली असतीस." त्याने माझ्या चित्राकडे बोट दाखवलं. "आणि हे असं काढलं असतंस."

रंगाचं पाणी माझ्या मांडीवर सांडलं. रडू आलं, त्याहून जास्त संताप आला. एवढे रविवार! एक गोष्ट माझी म्हणून धरली होती, तीही याने काढून घेतली, आणि तेही किती सहज. मी बोर्डावरचा कागद काढला, नवा लावला.

"जा, उभा राहा परत."

"आता? दुखतंय गं."

"छत्री वर धर."

तो गेला. जिन्यापाशी उभा राहिला. मी स्टूल फिरवलं, त्याच्याकडे पाठ केली आणि समोरची गल्ली काढायला घेतली.