माचिस इंग्रजी आहे?

बेचाळिसाव्या वर्षी आईने सतरा नंबरचा फॉर्म भरला. म्हणजे शाळेत न जाता, बाहेरून दहावी. गोडदेवला तिचं फॉल-पिकोचं छोटं दुकान. मशीनवर साडी आणि शेजारी इंग्रजीचं पुस्तक उघडं. मी तेव्हा बी.ए. करत होते, संध्याकाळी दुकानातच तिचा अभ्यास घ्यायचे.

पेपरात एक प्रश्न हमखास असतो : एकच शब्द, दोन वेगळे अर्थ, दोन वाक्यं. मी ‘मॅच’ दिला.

“हा तर आपल्या धंद्यातलाच!” आई म्हणाली. “साडीला ब्लाउज मॅच होतो तो. दुसरी क्रिकेटची मॅच. आणि मावशीने तुझ्यासाठी आणलेलं स्थळ? तेही मॅचच की!”

“स्थळाचं राहू दे. अजून एक आहे. काडेपेटीतली काडी.”

आईने मशीन थांबवलं. “म्हणजे माचिस? माचिस इंग्रजी आहे?”

मी फोनवर शोधायला लागले. हो, ‘मॅचेस’चंच माचिस झालेलं! पण पुढे वाचलं आणि मी स्टुलावरून उठलेच. काडीवाला मॅच फ्रेंचमधून आलेला, मुळात दिव्याची वात. दुसरा जुन्या इंग्रजीतला, मूळ अर्थ जोडीदार, बरोबरीचा. बरोबरीचे दोघे समोरासमोर आले की तीही मॅच.

“अगं, म्हणजे दोघांची गावं वेगळी, नातं काही नाही, नुसतं आडनाव एक!” आई टाळी वाजवून म्हणाली.

तेवढ्यात शेजारच्या गुजराती काकू साडी न्यायला आल्या. आईला कुठला दम! “भाभी, मालूम है क्या, माचिस अंग्रेजी है!” काकूही चकित झाल्या. साडी काउंटरवर तशीच राहिली आणि दोघी आणखी कुठले शब्द इंग्रजी असतील ते आठवत बसल्या.

परीक्षेच्या दिवशी मी नवघरच्या केंद्राबाहेर उभी होते. आई जवळजवळ धावतच आली.

“‘वॉच’ आला होता! घड्याळ, बघणं, पहारा, तीन अर्थ येत होते गं मला. मेल्यांनी दोनच मागितले!”

निकालात इंग्रजीचेच मार्क सगळ्यांत कमी होते, पण ती सगळ्या विषयांत पास झाली. मी पेढे आणायला निघाले, तर तिने मला दारातच अडवलं.

“बारावीलाही इंग्रजी असतंच ना?”